प्रकल्पाचा निधी अडलाय – इंदूरकरांनो, तुम्ही काय केलंत?

मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय भौतिकशास्त्र. उन्हाळ्यात विभागातच प्रकल्प करायचं ठरलं होतं. मार्चमध्ये सरांनी बोलावून सांगितलं की निधी मंजूर आहे पण हातात आलेला नाही, आणि येईलच असंही नाही. बाबा म्हणतात, सुट्टीत शिकवण्या घे. पदवीच्या वर्षांत ज्यांनी संशोधन केलं त्या ताई-दादांनी कृपया सविस्तर लिहा.

रामबागेतली ताई
अगं, माझंही असंच झालं होतं. तेव्हा एका मॅडमनी तीन विज्ञान अकादमींच्या उन्हाळी फेलोशिपचा अर्ज भरायला लावला. ते पैसे अकादमींकडून येतात, कॉलेजच्या तिजोरीशी संबंध नाही. दोन महिन्यांचं विद्यावेतन आणि रेल्वेचं भाडं मिळतं. पण अर्ज दिवाळीच्या सुमारास भरावा लागतो, मार्चमध्ये जाग येऊन उपयोग नाही. पहिल्या वर्षी माझी निवड झाली नाही, फार रडले. काय करायचंय ते मी अगदी मोघम लिहिलं होतं. पुढच्या वर्षी एकच प्रश्न धरून लिहिलं आणि हैदराबादला गेले. शिफारसपत्र देणाऱ्यांना महिनाभर आधी भेट. आदल्या दिवशी मागितलेलं पत्र दोन ओळींचंच येतं.

सुदामानगरहून, वनस्पतिशास्त्र
मी खंडवा रोडवरच्या सोयाबीन संशोधन संस्थेत विनावेतन काम केलं. पिवळा मोझॅक हा सोयाबीनचा रोग पांढऱ्या माशीमुळे पसरतो, म्हणून सकाळी सातपासून पानं उलटून माश्या मोजायच्या. पुस्तकात चार ओळींत संपलेला रोग तिथे शेतभर दिसला. मात्र बसभाडं आणि डबा घरचाच होता. माझ्या मैत्रिणीला ते परवडलं नाही, तिने पंधरा दिवसांत सोडलं. हुशारीत ती माझ्या पुढे होती, आजही वाईट वाटतं. म्हणून पहिल्याच पत्रात प्रवासखर्चाचं विचारा, त्यात लाज कसली?

एमबीबीएसवाला
आमच्याकडे आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) अल्पकालीन विद्यार्थी योजना आहे, 1979 पासून चालू. माणसांवरच्या अभ्यासाला लागणारी नीतिसमितीची परवानगी वेळेत मागा. पैसे अहवाल मंजूर झाल्यावर मिळतात, तोवर पदरचे घालावे लागतात.

स्नेहलतागंजचे काका, निवृत्त प्राध्यापक
बाळ, "मला संशोधनात रस आहे" अशी पत्रं मला ढिगाने यायची. एका मुलाने माझ्या लेखातल्या एका आलेखाबद्दल विचारलं, हा बिंदू रेषेबाहेर का? त्याला मी त्याच दिवशी बोलावलं. तुला केंद्र सरकारची इन्स्पायर शिष्यवृत्ती असेल तर वर्षाच्या 80,000 पैकी 20,000 उन्हाळी प्रकल्पासाठीच असतात, हे पुष्कळ मुलांना माहीत नसतं. आणि विद्यापीठाच्या खंडवा रोड परिसरातलं यूजीसी-डीएई कन्सोर्शियम हे संशोधन केंद्र उभारलंच मुळी विद्यापीठांतल्या लोकांना मोठी उपकरणं वापरता यावीत म्हणून. सरांना सोबत घेऊन तिथे जा.

पक्षीवाला
मी सिरपूर तलावावर दर रविवारी पक्षी मोजले. 2022 मध्ये तो रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आला. दुर्बीण उसनी, जुन्या नोंदी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरून फुकट. वर्षभराच्या त्या वहीवर एमएस्सीच्या मुलाखतीत अर्धा तास बोललो.

धागा काढणारी
काका, तुमच्या सांगण्यावरून काल कन्सोर्शियममधल्या एका शास्त्रज्ञांचा लेख वाचायला घेतला. तिसऱ्या आकृतीपाशी अडले आहे. तोच प्रश्न पत्रात लिहिते. ताई, पाठवण्याआधी एकदा वाचशील का?