झेओ हा बँड ख्रिस्ती आहे की नाही? घरात वाद पेटलाय

कॅम्प_ड्रमर
सलाम मंडळी. मी बेळगावात, कॅम्पातल्या एका चर्चात ड्रम वाजवतो. मडगावच्या मावसभावाने हार्ड डिस्क दिली, त्यात 'ख्रिश्चन हार्डकोर' (हार्डकोर म्हणजे पंकमधून आलेलं वेगवान, ओरडून गायलेलं संगीत) नावाचा फोल्डर आणि आत झेओ नावाच्या अमेरिकन बँडचे सगळे अल्बम. लावले, तर पाच मिनिटांत पप्पा दारात. "कुणाला मारायला लागलेत रे आत?"

वर एका अल्बमचं नाव लॅटिनमध्ये, 'लिबेराते ते एक्स इन्फेरिस', गाण्यांच्या यादीत नरकाची वर्तुळं. पप्पांचा निकाल लागला, हे सैतानाचं काम. मला ड्रम जबरदस्त आवडले, पण गोंधळ असा की दोन अल्बम ऐकले तर दोन वेगळे बँड वाटतात. हा एकच बँड आहे का? खरंच ख्रिस्ती आहेत का? आणि सुरुवात कुठून करू?

खानापूरकर_जुना
पप्पांना म्हणावं, मारत कोण नाही, पण दार वाजवलं ते रास्तच.

तुला दोन बँड वाटले, कारण ते जवळजवळ दोनच आहेत. झेओ सुरू झाला 1993 मध्ये, वेस्ट व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्गला. ओहायो नदीकाठचं गाव, न्यूयॉर्क-लॉस एंजेलिसशी संबंध नाही. त्या वेळी वातावरण तयार होतं. कॅलिफोर्नियात फ्रेस्नोचा द क्रूसिफाइड हा ख्रिस्ती बँड 1984 पासून थ्रॅश (वेगवान मेटल) आणि हार्डकोर एकत्र वाजवत होता. इलिनॉयमध्ये कॉर्नरस्टोन हा ख्रिस्ती संगीताचा महोत्सव त्याच वर्षी सुरू झालेला, तो 2012 पर्यंत चालला. आणि 1993 मध्येच ब्रँडन एबेलने टूथ अँड नेल ही रेकॉर्ड कंपनी काढली. तिच्या सीड्या ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानात, बायबल आणि ग्रीटिंग कार्डांच्या शेजारी विकायला असायच्या. 1997 मध्ये जड आवाजाच्या बँडांसाठी तिने सॉलिड स्टेट ही वेगळी शाखा केली. ह्या मुलांची गंमत अशी की चर्चवाल्यांना हा गोंगाट वाटायचा आणि क्लबवाल्यांना प्रवचन. दोन्हीकडून शिव्या.

पहिले दोन अल्बम, 1995 चा 'ऑल एल्स फेल्ड' आणि 1997 चा 'द स्प्लिंटर शार्ड्स द बर्थ ऑफ सेपरेशन', यात गायक शॉन जोनास. शब्द सरळ विश्वासाचे, आडपडदा नाही. मग बँड फुटला. सगळे गेले, उरला एकटा ड्रमर जेसी स्मिथ. दुसरा कोणी असता तर नवीन नाव घेतलं असतं. याने नाव धरून ठेवलं आणि पेनसिल्व्हेनियातल्या ग्रीन्सबर्गची पोरं गोळा केली: गायक डॅन वेयांट, गिटारवर रस कॉगडेल आणि ब्रेट डेटार. 1998 मध्ये 'व्हेअर ब्लड अँड फायर ब्रिंग रेस्ट' आला. तिथून सुरू कर. आधीचं नंतर ऐक.

वेयांटचा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी बेळगावला इंजिनिअरिंगला होतो. हॉस्टेलवर एकाकडे बर्न केलेली सीडी होती, वर स्केचपेनने फक्त 'झेड' लिहिलेलं. आवाज छातीतून येत नाही, घशाच्या वरच्या भागातून खरडत येतो. आणि बोलतो कशाबद्दल, तर गेलेल्या मित्रांबद्दल. हालेलुया कुठेच नाही. मला त्या वयात हे चर्चात कुणी बोललेलं आठवत नाही, मयताच्या आराधनेत सुद्धा "तो बऱ्या ठिकाणी गेला" इतकंच.

तू ड्रमर आहेस म्हणून एक गोष्ट सांगतो. आपल्या भजनात शेवटाकडे दुगुन लागते, टाळ्या वाढतात, लोक उभे राहतात. इथे बरोबर उलटं. गाणं पळत असतं आणि ऐन रंगात लय निम्म्यावर येते. स्नेअर तिसऱ्या मात्रेवर एकदाच पडतो, मधली जागा रिकामी. त्या रिकाम्या जागेत गिटार कापून कापून वाजते. याला ब्रेकडाउन म्हणतात. हेडफोन लावून फक्त जेसीचा डावा हात ऐक, घाई अजिबात नाही. आपली पोरं ब्रेकडाउन वाजवताना ती जागा भरायला बघतात, तिथेच मातेरं होतं.

आता पप्पांचा लॅटिन अल्बम, 1999 चा. ते नाव 'इव्हेंट होरायझन' या 1997 च्या सिनेमातून उचललंय, आणि गाणी दान्तेच्या नरकातल्या पाच वर्तुळांवर बांधलीत. दान्ते कट्टर ख्रिस्ती कवी. नरक दाखवला म्हणून त्याला सैतानाचा कुणी म्हणत नाही. हा मुद्दा पप्पांपुढे ठेव, पण चहा झाल्यावर.

टिळकवाडी_बास
खानापूरकरांचं नेहमीचंच, 1999 ला जग संपलं. पुढचं पण सांगा की वो.

डेटार तर 'ब्लड अँड फायर' नंतर गेलाच, द ज्युलियाना थिअरी नावाच्या मऊ बँडात. त्याच्या जागी स्कॉट मेलिंजर आला, आणि माझ्या मते खरा झेओ तोच. 2004 चा 'द फ्यूनरल ऑफ गॉड' ऐका. देव माणसांना कंटाळून निघून जातो, अशी अख्ख्या अल्बमची एक गोष्ट. तोपर्यंत जेसी स्मिथसुद्धा गेलेला. म्हणजे ज्याने नाव धरून ठेवलं तोच नाही, सुरुवातीचा एकही माणूस नाही, आणि बँड चालू! 2006 चा 'द फिअर इज व्हॉट कीप्स अस हिअर' स्टीव्ह अल्बिनी या नावाजलेल्या रेकॉर्डिंग इंजिनिअरने रेकॉर्ड केला. बासचा आवाज खोलीत उभा राहतो. 2009 नंतर सात वर्षं अल्बम नाही, मग 2016 ला 'द वेल-इंटेन्शन्ड व्हायरस' आणि 2021 ला 'द क्रिमसन कॉरिडॉर'.

आणि हार्डकोर कसला, मेटलकोर म्हणा, म्हणजे हार्डकोर आणि मेटलचं मिश्रण. फोल्डरवर काहीही लिहितात.

मार्था_आत्या
मी ड्रमरच्या पप्पांच्या बाजूची. शब्द कळत नसतील तर स्तुती कुणाची चाललीय ते मंडळीला कसं कळणार? पेटीवर म्हातारी सुद्धा भजन म्हणते, तिला एकेक अक्षर पाठ असतं.

खानापूरकर_जुना
आत्या, तुमचं बरोबर आहे, आणि म्हणूनच हे चर्चात वाजवायचं नाही. ही उपासनेची गाणी नाहीतच. शब्द सीडीबरोबरच्या कागदावर छापलेले असायचे, आम्ही त्याची झेरॉक्स काढून वाचत बसायचो. पहिल्या झेओला तुम्ही ख्रिस्ती बँड बिनदिक्कत म्हणा. दुसऱ्याचं उत्तर इतकं सरळ नाही. नंतर त्यांनी ती पाटी स्वतःच उतरवली. सगळ्यांचा विश्वास एकसारखा नाही, आम्हाला ख्रिस्ती बँड म्हणू नका, अशी भूमिका. मला ते पटतं. विश्वास नसताना दुकानात सीडी खपते म्हणून पाटी ठेवणारे कमी नव्हते त्या काळात.

टिळकवाडी, 'फ्यूनरल' चांगला आहे, पण 'ब्लड अँड फायर'च्या जवळ येत नाही. आणि 2001 चा अल्बम तू मुद्दाम गाळलास.

टिळकवाडी_बास
2001 चा गाळला कारण त्यात मशीनचे ड्रम घुसवलेत. इथे एक ड्रमर प्रश्न विचारतोय, जरा लाज.

कॅम्प_ड्रमर
आभारी सगळ्यांचा. दान्तेचा मुद्दा पप्पांपुढे ठेवला. म्हणाले, "तो कवी होता, हे ओरडायला लागलेत." पण हेडफोन लावून ऐकायला परवानगी मिळाली. डबल पेडल (दोन्ही पायांनी बास ड्रम वाजवायचं) मात्र चर्चच्या किटला लावायचं नाही, ते पाळकांनी आधीच सांगून ठेवलंय. खानापूरकर, ती अर्धी लय मला जमेना झालीय, पाय पुढे पळतोय.

खानापूरकर_जुना
डबल पेडल विसर आता. मेट्रोनोम 70 वर ठेव, तोंडाने चार मोज, तीनवर स्नेअर, दुसरं काही नाही. मी शनिवारी बाजाराला बेळगावात येतो, दुपारी कॅम्पात चक्कर टाकीन. चर्च उघडं ठेव, आणि ड्रमवर टाकायला घरातनं जाड चादर आण, नाहीतर शेजारचे येतील.