खान्देशातली नावं-आडनावं: नेमकं माहीत असेल ते लिहा

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत नुसतं "पाटील" सांगून भागत नाही. समोरचा विचारतोच, "कोणते पाटील? गाव कोणतं?" ज्यांचा नावांशी रोजचा संबंध आहे, म्हणजे दप्तर, शाळा, मोडी, सोयरीक, त्यांनी इथे लिहावं. नाव कुठून आलं, कागदावर कुठे अडतं, वाट कशी निघते, तेवढं पुरे. शब्दाचा, प्रथेचा किंवा कागदाचा आधार हवा.

भुसावळहून

पाटील, चौधरी, महाजन ही मुळात कामाची नावं. जुन्या ताम्रपटांतल्या "पट्टकील"चं पाटील झालं. चौधरी आणि महाजन ही पेठेतल्या, व्यापारातल्या मानाची पदं, म्हणून "शेटे-महाजन" असा जोडशब्द आहे. पाटीलकी 1962च्या कायद्याने गेली, आडनाव राहिलं.

यातून गोंधळ असा की चौधरी लेवा पाटीदारांत आहेत, तेली समाजात आहेत, गुजरांतही आहेत. महाजन लेवांत आणि माळी समाजात, दोन्हीकडे. पाटील तर विचारूच नका. आडनावावरून जात ठरवणारा माणूस खान्देशात हमखास चुकतो. सोयरीक जुळवताना म्हणूनच कूळ, गाव आणि मामेकूळ असं तिन्ही विचारतात. वधू-वर परिचय पुस्तिकेत नुसतं "पाटील" छापलं तर तो मजकूर निम्मा वाया गेला म्हणायचा.

आसोद्याजवळून

मुलांच्या नावांबद्दल. मूल जगत नसेल तर पुढच्याला मुद्दाम हलकं नाव ठेवत, म्हणजे काळाची, दृष्टीची नजर त्याच्यावर पडणार नाही. दगडू, धोंडू, कचरू ही त्यातलीच. उकिरड्यावरून उखर्डू, सुपात घालून घेतलं म्हणून सुपडू, भिक मागून आणलेल्या कपड्यांचा म्हणून भिका किंवा भिकन. मुलाचं नाक टोचून त्याला मुलगी भासवायची, तो नथू. पिराला नवस केला असेल तर फकिरा. ही नावं अपमानाची नव्हेत, आईच्या धास्तीची आहेत. नातवंडांनी ती लपवू नयेत असं मला मनापासून वाटतं.

एकच घर उदाहरणाला घ्या, बहिणाबाई चौधरींचं. जन्म 1880, आसोदे. माहेर महाजन, सासर चौधरी, म्हणजे दोन्ही पदनावं. वडील उखाजी: हे उखर्डूच्याच घराण्यातलं नाव असावं. नवरा नथूजी: नथ. सासरे खंडेराव: खंडोबा. मुलं ओंकार, सोपान, काशी: एक मंत्राचं, एक ज्ञानदेवांच्या भावाचं, एक तीर्थाचं. तीन पिढ्यांत धास्ती, कुलदैवत आणि वारकरी पंथ असा सगळा प्रवास दिसतो. मुक्ताई मेहूणला गुप्त झाली ही श्रद्धा, म्हणून तापीकाठच्या गावांत मुक्ता, निवृत्ती, सोपान, ज्ञानदेव या नावांची दाटी.

चाळीसगावहून

निकुंभ हे आडनाव खान्देशात आहे. पाटण्याच्या देवीजवळच्या शिलालेखात निकुंभ वंशाचे सोइदेव आणि हेमाडिदेव हे राजे येतात, शके 1128चा लेख. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याला दिलेल्या दानाचा तो लेख आहे. पण आजचे सगळे निकुंभ त्या राजांचे वंशज, असं त्यावरून सिद्ध होत नाही. नाव जुळणं वेगळं, वंशावळ जुळणं वेगळं. आणि हा चांगदेव वेगळा, तापी-पूर्णेच्या संगमावरचे योगी चांगदेव वेगळे. ही गल्लत फार होते.

शिंदखेड्याहून

गिरासे हे "गिरास" वरून. गिरास म्हणजे जमीनदाराला मिळणारा उत्पन्नाचा वाटा, मूळ संस्कृत "ग्रास". राजपूत घरांत नावाला "सिंग" लागतं, ते जोडून लिहायचं की तोडून, हे एकदाच ठरवा आणि सगळ्या कागदांवर तसंच ठेवा.

नवापूरहून

इकडे गावित, गुजरातेत गामीत. गुजरातीत "गाम", मराठीत "गाव", एवढाच फरक. तसंच वसावे आणि वसावा. राज्याची सीमा पडली आणि एकाच भाऊबंदकीची दोन स्पेलिंगं झाली. पाड्यांवर वाराची नावंही असत: रविवारी जन्मला तो दित्या (दितवार), मग सोम्या, मंगळ्या, बुध्या, शुक्र्या. शाळेत गुरुजींनी याच मुलाला दुसरं नाव दिलं की आजोबांच्या नोंदीशी साखळी तुटते.

जात पडताळणीत हे महागात पडतं. अनुसूचित जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950च्या आधीचा पुरावा बघतात (विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967). त्यामुळे वंशावळीत प्रत्येकाचं घरचं आणि शाळेतलं, दोन्ही नावं "ऊर्फ" लावून लिहा आणि शपथपत्रात तेच वाक्य ठेवा.

धुळ्याहून, मोडी वाचणाऱ्याकडून

जुन्या नोंदीत आडनाव शोधत बसू नका, बहुतेक वेळा ते नसतंच. "दगडू वलद भिका" किंवा "बिन भिका" असं असतं. वलद आणि बिन म्हणजे "चा मुलगा", कोम म्हणजे "ची बायको". आधी गाव, मग आजोबांचं नाव, मग पणजोबांचं, या क्रमाने जा. कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद, शाळेचं जनरल रजिस्टर, जुने फेरफार (जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी), हे तीन कागद एकमेकांशी ताडून बघा.

मोडीत शब्द तोडत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. त्यामुळे एका ओळीतून दोन वाचनं निघू शकतात. दुसऱ्या वाचकाकडून तपासून घेतल्याशिवाय लिप्यंतर सादर करू नये.

अमळनेरहून

वर मोडीचं आलं, त्यात कानाची चूक जोडा. आपल्या बोलीत ळ चा य होतो: जळगावचं जयगाव, धुळ्याचं धुये. बाहेरून आलेल्या कारकुनाने "बेंडाये" ऐकलं आणि तसंच लिहिलं. बापाच्या कागदावर बेंडाळे, चुलत्याच्या कागदावर बेंडाये.

सातबारावर अशी चूक असेल तर जमीन महसूल संहिता 1966, कलम 155. लेखनाची चूक असल्याचा अर्ज तहसीलदारांकडे. नुसतं आधार कार्ड जोडून भागत नाही. चूक पहिल्यांदा ज्या फेरफारात आली तो शोधून काढा, त्याची आणि त्याआधीच्या बरोबर नोंदीची नक्कल लावा. पहिला चुकीचा फेरफार सापडला की बाकी काम सोपं.

इंग्रजी स्पेलिंगचा त्रास वेगळा. चौधरीतल्या "चौ"ला कोणी ए-यू लिहितो, कोणी ओ-यू, शेवटी कोणी आय, कोणी वाय. जन्मदाखल्यावर जे असेल तेच शाळेत, आधारवर, पॅनवर. शाळेतली दुरुस्ती मूल शाळेत असतानाच करून घ्या, शाळा सोडल्याचा दाखला हातात आल्यावर फार जड जातं.

आणि नवं बाळ असेल तर: जन्माची नोंद 21 दिवसांत. नाव ठरलं नसेल तरी नोंद करा, नाव 12 महिन्यांत विनाशुल्क घालता येतं, पुढे 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांना आईचं नावही लागतं: बाळ, आई, वडील, आडनाव, या क्रमाने. आईचं नाव माहेरच्या कागदावर एक आणि सासरी दुसरं असेल तर ते आधी एक करून घ्या, नाहीतर तो फरक बाळाच्या प्रत्येक दाखल्यावर उतरेल.