व्हिएन्नाच्या कार्ल्सकिर्शमधील मैफल : श्रवणयंत्र असलेल्या वडिलांसाठी कोणती जागा घ्यावी?

नमस्कार. आम्ही निपाणीचे. धाकटी बहीण म्युनिकला नोकरीला असल्याने जानेवारीत आप्पांना घेऊन तिच्याकडे जाणार आहोत. तिथून रेल्वेने चारेक तासांवरच्या व्हिएन्नात एक संध्याकाळ कार्ल्सकिर्शमधील इटालियन संगीतकार विवाल्डीच्या ‘फोर सीझन्स’ या चार ऋतूंवरील व्हायोलिन-रचनांसाठी राखली आहे. प्लेगच्या साथीत सम्राट सहाव्या चार्ल्सने १७१३ मध्ये बोललेल्या नवसातून उभे राहिलेले हे चर्च १७३७ मध्ये पूर्ण झाले. याच सम्राटाच्या आश्रयाच्या आशेने विवाल्डी व्हिएन्नाला आला असे मानतात, पण सम्राट १७४० मध्ये वारला आणि पुढच्याच वर्षी विवाल्डीही गेला. त्याचे दफन या चर्चलगतच झाले, हे वाचल्यापासून ऐकायचे तर तिथेच, असा आप्पांचा हट्ट आहे.

अडचण आहे ती जागेची. पुढच्या रांगांचे दर मागच्यांपेक्षा बरेच चढे आहेत, आणि निव्वळ वादक जवळून दिसावेत म्हणून तेवढे पैसे मोजायला मी तयार नाही. मात्र दगडी भिंती आणि उंच घुमट असलेल्या वास्तूत एक सूर विरण्याआधी दुसरा त्यात येऊन मिसळतो. संथ भागाला ते शोभत असेल, पण ‘उन्हाळ्या’च्या शेवटी येणाऱ्या वादळातील द्रुत स्वरांचा मागे बसणाऱ्यासाठी गोळाच होत असणार. जितके मागे जावे तितका वाद्याचा थेट आवाज क्षीण होतो, घुमणारा मात्र जवळपास तेवढाच राहतो, आणि श्रवणयंत्र दोन्ही वाढवते. शिवाय आप्पांच्या यंत्रातील नेहमीचा प्रोग्रॅम व्हायोलिनचा लांबलेला सूर यंत्राचीच शिट्टी समजून दाबून टाकतो; घरी तानपुरा लावला तरी हाच प्रकार होतो. संगीतासाठीचा वेगळा प्रोग्रॅम बेळगावच्या तज्ज्ञांकडून बसवून घेणारच आहोत. तरीही मधल्या रांगेत भागेल का, की पुढेच बसवावे? श्रवणयंत्र लावून तिथे किंवा तशाच घुमटाच्या चर्चमध्ये कोणी ऐकले असल्यास त्यांचा अनुभव मला सर्वाधिक मोलाचा वाटेल.

दुसरा प्रश्न दादेचा. चार कॉन्चेर्तो (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्या रचना), प्रत्येकाचे तीन भाग, आणि भागांच्या मध्ये टाळ्या वाजवत नाहीत, एवढे मला ठाऊक आहे. पण आप्पांचे आयुष्य बेळगावातील शहापूर-टिळकवाडीच्या गाण्याच्या बैठकांत गेले. गाण्यातली एखादी जागा आवडली की त्यांचा हात मांडीवर पडतो आणि ‘वाहवा’ तोंडातून निघून जाते. तिथे हे कितपत खपवून घेतात? निदान प्रत्येक कॉन्चेर्तो संपल्यावर टाळ्या चालतात का?

जानेवारीत आत ऊब असते की कोट अंगावरच ठेवून बसावे लागते, हेही सांगावे.

तिकिटे महिनाअखेरीपर्यंत काढायची आहेत. ठरावीक आसन क्रमांक मिळतो की त्या दराच्या रांगांत आधी येईल तो आधी बसतो, हे कळल्यास आप्पांना उठायला सोयीची कडेची जागा धरण्यासाठी किती आधी पोहोचायचे ते ठरवता येईल.