फोक्सवॅगन बीटल १६०० (हवेने थंड होणारं इंजिन) : मे महिन्यात वर्धा रोडवर इंजिन तापतं

प्रश्न : नागपूर–बुटीबोरी जाताना अर्ध्या तासात तेलाच्या दाबाचा दिवा आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) मिणमिणतो, डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) हाताला चटका देते. तेल २०डब्ल्यू-५०, पातळी बरोबर. काय बघू?

उत्तर १ : आधी टायमिंग, म्हणजे ठिणगी कधी पडते ते. सेंट्रिफ्यूगल डिस्ट्रिब्युटर (फिरत्या वजनांनी ठिणगीची वेळ बदलणारा) असेल तर ३००० आरपीएमच्या वर एकूण ॲडव्हान्स (ठिणगी किती आधी पडते) २८ ते ३२ अंश, त्यापुढे नको. मग गार इंजिनवर व्हॉल्व्हची फट ०.१५ मिमी. ३ नंबरच्या एक्झॉस्टची फट पुन्हा पुन्हा कमी होत असेल तर व्हॉल्व्ह ताणला जातोय; गाडी चालवू नका. जुन्या फॅन हाउसिंगमध्ये (पंख्याच्या पत्र्याच्या खोक्यात) ऑइल कूलर याच सिलिंडरच्या वाटेत असतो, म्हणून तोच जास्त तापतो.

उत्तर २ : टायमिंग ठीक, पण मी आधी रबर सील बघेन. इंजिनच्या कडेचा सील गेला की खालची एक्झॉस्टची गरम हवा पंखा परत ओढतो. घरचा कूलर बंद खोलीत ठेवल्यासारखं! इंजिनभोवतीचे टिनचे (पत्र्याचे) तुकडे गायब असतील तर तेही बसवा. मेकॅनिक लोकांना ते फालतू वाटतात. बेल्ट अंगठ्याने दाबल्यावर साधारण १५ मिमी दबावा. ऑइल कूलरच्या पात्यांत तेल-धुळीचा लेप असतोच, हाउसिंग काढल्याशिवाय तो दिसत नाही.

उत्तर ३ : थर्मोस्टॅट काढून टाकलाय का? असेल तर थंड हवेच्या वाटेतले फ्लॅप (झडपा) उघड्या स्थितीत आहेत ना, ते बघा. मॅनिफोल्डच्या (कार्ब्युरेटरपासून सिलिंडरकडे जाणाऱ्या नळीच्या) रबर बूटवर कार्ब क्लीनर मारा, पण इंजिन गार असताना नुकतंच सुरू करून. आरपीएम बदलला तर हवा शिरतेय, मिश्रण पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त).