पार्व्होने पिल्लू गेलं, त्याच अंगणात दुसरं कधी आणायचं?

केळीबाग_यावल

नमस्कार मंडळी. कुत्र्याचं दहा आठवड्यांचं पिल्लू पार्व्होने (उलटी-जुलाबाचा विषाणूजन्य रोग) गेलं, आज १२ दिवस झाले. दवाखान्यात किटवर टेस्ट पॉझिटिव्ह आली होती. आठव्या आठवड्यात लसीचा एक डोस झालेला होता.

घरात फरशी आहे, पडवी आणि मागचं अंगण शेणाने सारवलेलं, कडेला निंबाची सावली. फरशी रोज फिनाईलने पुसतो. घरी चार वर्षांची गावठी कुत्री आहे, तिला फक्त रेबीजची लस आहे. त्याच वेतातलं दुसरं पिल्लू शेजारी दिलंय. त्याला एकही डोस नाही, पण सध्या ठणठणीत आहे.

एक डोस होऊनही पार्व्हो कसा झाला? फिनाईल पुरतं का? आणि ४४-४५ अंशांच्या उन्हात विषाणू आपोआप मरतो असं इथे सगळे सांगतात, त्यात तथ्य आहे का? पोरं नवीन पिल्लाचा हट्ट धरून बसली आहेत.

तापीकाठ

फिनाईल आजपासून बंद करा, भो. पार्व्होच्या विषाणूला वरून चरबीचं आवरण नसतं, आणि फिनाईल, डेटॉल, सॅनिटायझर यांचा जोर बराचसा त्या आवरणावरच चालतो. वास येतो म्हणून मनाला बरं वाटतं एवढंच.

क्लोरीन लागतं. ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट मिळालं तर १० लिटर पाण्यात ३५० मिली. नाही मिळालं तर टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, पाण्याच्या टाकीत टाकतात तीच. ताज्या पावडरीत तेहतीस टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं, म्हणून १० लिटरला ६० ग्रॅम. मोजून घ्या, मुठीने नको. प्लास्टिकच्या बादलीत कालवा, अर्धा तास ठेवा, चुन्यासारखा गाळ खाली बसला की वरचं निवळ पाणी वापरा. मागच्या पावसाळ्यापासून उघडी पडलेली, गोळे झालेली पावडर असेल तर तिच्यात फारसं काही उरलेलं नसतं. द्रावण रोज ताजं करायचं.

आता चूक कुठे होते ते सांगतो. फरशी किमान १० मिनिटं ओली राहिली पाहिजे. मे महिन्यात आपल्याकडे पंखा-कूलर चालू असताना पोछा मारला की फरशी दोन-तीन मिनिटांत कोरडी होते, आणि केलेलं सगळं वाया जातं. पहाटे करा, पंखा बंद ठेवा, खिडक्या मात्र उघड्या. सुकायला लागली की पुन्हा ओतायचं. त्याच्या आधी निरमा टाकून फरशी घासून, स्वच्छ पाण्याने धुऊन घ्या, कारण घाण असेल तर क्लोरीन तिच्यावरच खर्ची पडतं. फरशांच्या फटी आणि दाराचा उंबरा जुन्या ब्रशने घासा. १० मिनिटं झाली की साध्या पाण्याने धुवा, म्हणजे कुत्रीचे पाय भाजणार नाहीत.

संडास धुण्याचं ॲसिड यात चुकूनही मिसळू नका, विषारी वायू निघतो. गोणपाट, गादी, दोरी, लाकडी पाट जाळून टाका. स्टीलची वाटी उकळून चालेल.

उन्हाचं म्हणाल तर अर्धं खरं. हा विषाणू ५६ अंशांना तासभर तग धरतो, तिथे आपले ४५ अंश काय करणार? नुसत्या गरमीने तो मरत नाही. थेट ऊन आणि कोरडेपणा यांनी हळूहळू कमी होतो, पण निंबाखालच्या ओलसर सावलीत महिनोनमहिने, वर्षभरही राहू शकतो.

केळीबाग_यावल

टीसीएल दुकानात मिळेल. पण सारवलेल्या जमिनीचं काय? तिच्यावरही तेच पाणी शिंपडू का?

तापीकाठ

नको. सारवणात शेण आहे, म्हणजे जमिनीतच घाण भरलेली. क्लोरीन वरच्या वर संपतं, खाली पोचतच नाही. पडवीचं सारवण खुरप्याने दोन बोटं खोल खरवडून काढा, गोळा करून लांब खड्ड्यात पुरा आणि ताज्या मातीने पुन्हा सारवा. सारवताना शेण नेहमीचंच वापरा, गायी-म्हशींना हा रोग होत नाही. अंगणात पिल्लू जिथे हगलं-ओकलं ती माती तशीच काढा, बाकी जागेवरचा पालापाचोळा हटवून ऊन लागू द्या. निंबाच्या खालच्या फांद्या छाटता आल्या तर उत्तम. तरीही मातीचं अंगण पूर्ण निर्जंतुक झालं असं कधीच धरू नका.

पांझरा_धुळे

लसीचं मी सांगते.

एक डोस "फेल" गेला असं नाही. आईच्या पहिल्या चिकातून पिल्लाला प्रतिपिंडं (रोगाशी लढणारी प्रथिनं) मिळतात. ती साधारण दर दहा दिवसांनी निम्मी होत जातात. मधे असा काळ येतो की ती रोग अडवायला अपुरी असतात, पण लसीला मारायला पुरेशी. कुठल्या पिल्लाचं हे सहाव्या आठवड्यात संपतं, कुठल्याचं सोळाव्यापर्यंत चालतं. गंमत अशी की आईची प्रतिकारशक्ती जितकी दांडगी तितका हा काळ लांबतो. म्हणून ६ ते ८ आठवड्यांच्या वयात पहिला डोस, मग दर २ ते ४ आठवड्यांनी, आणि शेवटचा डोस १६ आठवडे पूर्ण झाल्यावर. बरेच जण १२ व्या आठवड्यात "तीन झाले" म्हणून थांबतात. मोजायचं ते वय, सुयांची संख्या नाही. त्यानंतर सहाव्या महिन्यात एक द्या, पुढे पार्व्होसाठी दर तीन वर्षांनी चालतं. रेबीज आणि लेप्टोचं (लेप्टोस्पायरोसिस, हा वेगळा जिवाणूजन्य रोग) वेळापत्रक वेगळं.

लस २ ते ८ अंशांत राहायला हवी. जळगावहून किंवा धुळ्याहून आणायची तर बर्फाच्या डब्यात, पण बाटली कागदात गुंडाळून, बर्फाला थेट चिकटवून नाही. डिक्कीत तासभर तापलेली लस टोचली काय, न टोचली काय. पावडर आणि पाणी मिसळल्यावर लगेच द्यायची. लहान जातीचं पिल्लू म्हणून अर्धा डोस देणारेही भेटतात, तो देऊ नये.

तुमच्या कुत्रीला याच आठवड्यात डीएचपीपीआय (पार्व्होसह इतर काही रोगांची एकत्र लस) द्या. मोठ्या कुत्र्यांना पार्व्होसाठी एक डोस बहुधा पुरतो, लेप्टोसाठी ३-४ आठवड्यांनी दुसरा लागतोच. शेजारच्या पिल्लाला, ताप नसेल तर, उद्याच. गल्लीत रोग आहे म्हणून त्याला दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने द्या.

गिरणाकाठ

शेजारच्या पिल्लाबद्दल थोडं. संसर्गानंतर लक्षणं बहुतेक ३ ते ७ दिवसांत येतात, कधी १४ पर्यंत. पण मुलं त्याच चपला घालून दोन्ही घरांत जात असतील तर ही मोजणी रोज नव्याने सुरू होते. माणसाला हा कुत्र्यांचा पार्व्हो होत नाही, माणूस तो फक्त वाहून नेतो. तुमच्या अंगणासाठी वेगळी चप्पल ठेवा, दाराशी ओलं पोतं टाकण्यापेक्षा ते बरं.

रक्ताच्या जुलाबाची वाट पाहू नका. आधी पिल्लू सुस्तावतं, खाणं सोडतं, मग उलटी. उलटी झाली त्याच दिवशी दवाखाना. रोज सकाळी किराण्याच्या काट्यावर वजन करा: ३ किलोचं पिल्लू एका दिवसात ३०० ग्रॅमने उतरलं तर तेवढं पाणी अंगातून गेलंय, आता तोंडाने ओआरएस देऊन भागणार नाही, सलाईन शिरेतूनच लागेल. जुलाब थांबवायची माणसांची गोळी देऊ नका, विषारी घाण आतड्यात कोंडते. पहिल्या दिवशी किट निगेटिव्ह आलं तरी लक्षणं असतील तर एक-दोन दिवसांनी पुन्हा करायला सांगा.

@पांझरा_धुळे, लसीनंतर ५ ते १५ दिवसांत किटवर फिकट रेघ येऊ शकते, हेही त्यांना माहीत असू द्या, नाहीतर उगाच धसका घेतील.

पांझरा_धुळे

बरोबर, ते राहिलंच. लसीतला विषाणू विष्ठेतून थोडा पडतो म्हणून तसं दिसतं. पिल्लू खेळत-खात असेल तर डॉक्टरांना डोसची तारीख सांगा.

नवीन पिल्लाचं: फरशी दोनदा स्वच्छ झाली तरी सहा आठवड्यांचं पिल्लू या घरात एवढ्यात आणू नका. पोरांना थांबवत नसेल तर वर्षाच्या पुढचं, लस पूर्ण झालेलं कुत्रं आणा, ते आठवडाभरातही चालेल. पिल्लूच हवं असेल तर त्याचा १६ आठवड्यांनंतरचा डोस मूळ घरीच होऊ द्या आणि मग दोन आठवड्यांनी आणा. पट्टा, वाटी, अंथरूण सगळं नवं, आणि पहिलं वर्ष निंबाखाली सोडायचं नाही.