मोड्यूल आधी की रीडमी आधी? ('अक्षरी रुपये'च्या निमित्ताने)

पाटीपेन्सिल

पावतीच्या तळाशी 'अक्षरी रुपये' अशी ओळ असते ना, ती छापणारा कोड आमच्याकडे तीन प्रोजेक्टांत तीन जणांनी तीनदा लिहिलाय. त्यातल्या एकात ९९ ला 'एकोणशंभर' येतं. लिहिणाऱ्याने एकोणतीस, एकोणचाळीस बघून नियम लावला, तो थेट एकोणनव्वदपर्यंत चाललाही, आणि नव्याण्णवने दगा दिला. म्हणून ठरवलं, एकच मोड्यूल (कोडचा सुटा, कुठेही वापरता येणारा तुकडा) करायचं आणि सगळ्यांनी तेच वापरायचं.

पहिल्या दिवशी मी कोडची एक ओळही लिहिली नाही, रीडमी, म्हणजे मोड्यूलसोबतचं माहितीपत्रक, लिहायला बसले. शेजारच्या टेबलावरून लगेच शेरा आला, "बाजारात तुरी..."

माझं मत अजूनही तेच आहे: रीडमी आधी. ही काही माझी कल्पना नाही. गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटच्या संस्थापकांपैकी टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी ती २०१० मध्येच मांडली होती. मला ती पटली ती उदाहरणं लिहिताना. १५० दिले तर 'एकशे पन्नास' की 'दीडशे'? नुसते १०० म्हणजे शंभर, पण १०१ म्हणजे एकशे एक. १,१०० ला 'अकराशे' म्हणायचं की 'एक हजार एकशे'? शून्य रुपयांच्या पावतीवर काय छापायचं? परताव्याची उणे रक्कम आली तर? थेट कोड लिहायला घेतला असता तर यातले निम्मे निर्णय माझ्या नकळत झाले असते, आणि ते झालेत हे सहा महिन्यांनी कुणाच्या तरी तक्रारीतून कळलं असतं.

तुम्ही काय करता?

घिसाडी

असहमत. तुमच्याकडे तीन चालू प्रती आहेत, त्या शेजारी शेजारी ठेवा. त्या कुठे जुळतात आणि कुठे भांडतात हेच तुमचं दस्तऐवजीकरण. कोऱ्या कागदावर बसून सुचलेले प्रश्न हुशारीचे असतात, गरजेचे असतीलच असं नाही.

मागच्या नोकरीत आम्ही तारखांसाठी एक मोड्यूल 'नीट' सुरू केलं होतं. कोडच्या आधी चौदा पानं तयार. पर्याय किती? विचारू नका. पहिल्याच वापरणाऱ्याने जे मागितलं ते चौदा पानांत नव्हतं, आणि चौदा पानांतलं बहुतेक कुणीच कधी वापरलं नाही. पण पानं लिहिली होती म्हणून ते सगळं बांधावं लागलं. लिहिलेल्या शब्दाचा असा जाच होतो.

आणि एक सांगा, तुमच्या रीडमीत पैशांचं काय लिहिलंय? जावास्क्रिप्टमध्ये १९.९९ ला १०० ने गुणून बघा. उत्तर १९९९ येत नाही, सुमारे १९९८.९९९९९९९९९९९९९८ येतं. दशांश छाटलात की पावतीवर 'एकोणीस रुपये अठ्ठ्याण्णव पैसे'. हे रीडमी लिहिताना सुचत नाही, खरं बिल चालवून बघितल्यावरच कळतं.

पाटीपेन्सिल

आई गं. आत्ता करून बघितलं. रीडमीतलं पहिलंच उदाहरण दशांशाचं आहे. ते बदलते: मोड्यूल रुपये घेणारच नाही, पूर्णांकात पैसे घेईल. २५० रुपये म्हणजे २५०००.

पण बघा, काय बदलायचं हे मला दोन मिनिटांत ठरवता आलं, कारण बदलायला एक ओळ होती. हेच तीन प्रोजेक्टांत कोड पोचल्यावर कळलं असतं तर?

वडाची पारंबी

मी धागाकर्तीच्या बाजूने, पण एका अटीवर. दस्तऐवज खोटं बोलू लागतो ही खरी भीती. कोड पुढे जातो आणि रीडमी मागे राहते. पायथन भाषेत यावर २००१ पासून डॉकटेस्ट आहे. फंक्शनच्या वर्णनात उदाहरण आणि त्याचं उत्तर लिहायचं. ते उदाहरण खरोखर चालवलं जातं आणि उत्तर जुळलं नाही तर चाचणी पडते. रस्ट भाषेतही तसंच. म्हणजे 'आधी रीडमी' हीच 'आधी चाचणी' होते. चौदा पानं लिहूच नका, चौदा उदाहरणं लिहा.

रोखपाल (निवृत्त)

मला यातलं प्रोग्रॅमिंग कळत नाही, मुलाने धागा दाखवला. पण 'अक्षरी' हा आमच्या हयातीचा विषय, म्हणून लिहितो.

१८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्यातलं कलम १८ बघा. चेकवर आकडा आणि अक्षरं जुळली नाहीत तर अक्षरांतली रक्कम धरायची असं ते सांगतं. तेव्हा तुमची ती ओळ शोभेची नाही. आम्ही दीडशे, अडीचशे, साडेबाराशे हे तोंडाने म्हणायचो. कागदावर 'एकशे पन्नास', 'दोनशे पन्नास', 'एक हजार दोनशे पन्नास'. आणि शेवटी 'फक्त', म्हणजे पुढे कुणाला काही जोडता येत नाही.

एक सूचना. एक ते नव्व्याण्णव (की नव्याण्णव? बघा, माझाच हात अडखळला) हा पूर्ण तक्ता तुमच्या त्या माहितीपत्रकात छापा. मराठीत हे आकडे नियमाने बनत नाहीत, पाठच असावे लागतात. कोड मला वाचता येणार नाही, तक्ता येईल.

घिसाडी

काकांना नमस्कार. तक्ता मान्य. पण तो डेटा झाला, रीडमी नव्हे. माझं भांडण आधीच लिहिलेल्या वचनांशी आहे.

कोरा चहा

मुळात मोड्यूल हवंच कशाला? मार्च २०१६ विसरलात का? लेफ्ट-पॅड नावाचं, मजकुराच्या डावीकडे भर घालणारं ११ ओळींचं मोड्यूल लेखकाने एनपीएमवरून (जावास्क्रिप्ट मोड्यूलांचं सार्वजनिक कोठार) काढून घेतलं, त्याचं भांडण दुसऱ्याच मोड्यूलच्या नावावरून होतं, आणि त्यावर विसंबलेली जगभरातली बिल्डं (कोडमधून चालू प्रोग्रॅम तयार करणं) कोसळली. ती ११ ओळींची सोय पुढच्याच वर्षी जावास्क्रिप्ट भाषेतच आली. शंभर शब्दांचा तक्ता आहे, कॉपी-पेस्ट करा आणि झोपा.

पाटीपेन्सिल

कॉपी-पेस्टच तर केलं होतं, म्हणून एकोणशंभर.

आणि तक्ता वाटतो तितका गरीब नाही. चौऱ्याहत्तर, चौऱ्याऐंशी, चौऱ्याण्णव या तिघांतला 'ऱ्य' बघा. तो संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एक नुक्त्याचा ऱ आणि हलंत वापरून, दुसरा साधा र, हलंत आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही एकसारखे दिसतात, तुलनेत मात्र वेगळे निघतात, आणि युनिकोडचं (संगणकातल्या अक्षरांचं मानक) नेहमीचं नॉर्मलायझेशन, म्हणजे सारखी अक्षरं एका रूपात आणणं, त्यांना एक करत नाही. आमच्या एका प्रोजेक्टात चौऱ्याण्णव रुपयांची पावती शोधून सापडत नव्हती. दोन दिवस डेटाबेसला शिव्या घातल्या. हे कोड वाचून कुणालाच दिसणार नाही, कारण कोडमध्येही ते सारखंच दिसतं. 'आम्ही नुक्त्याचा ऱ छापतो' हे वाक्य लिहूनच ठेवावं लागतं.

कोरा चहा

बरं, हे माहीत नव्हतं. पण मग 'वीस एक, वीस दोन'चाही पर्याय द्या, २०१९ ला बालभारतीने दुसरीच्या गणितात आणलेला. वाद हवाच असेल तर पूर्ण होऊ दे :)

पाटीपेन्सिल

नाही देणार. मुलांना संख्या समजायला ती पद्धत मला आवडली होती, त्या वेळी घरी त्यावरून भांडलेही होते. पण पावतीवर 'नव्वद नऊ रुपये फक्त' नको.

घिसाडी

हे! हे रीडमीत लिहा. 'दीडशे-अडीचशे करणार नाही, वीस एक करणार नाही, दशांश घेणार नाही.' कोडच्या आधी लिहिण्याजोगं काही असेल तर ते एवढंच. काय करणार नाही हे कोडमधून कधीच वाचता येत नाही. बाकी वापराची माहिती, पर्याय, ती सुबक उदाहरणं, दोन प्रोजेक्टांत लागल्यावर लिहा.

वडाची पारंबी

उदाहरणांवर मी अडून राहणार. दुसऱ्या प्रोजेक्टवाल्याला वापरायचं कसं हे कळलं नाही तर तो चौथी प्रत लिहील.

घिसाडी

त्याने येऊन विचारावं. विचारलेला प्रश्न म्हणजे रीडमीची पुढची ओळ.

वडाची पारंबी

आमच्याकडे कुणी विचारत नाही हो, सरळ लिहून मोकळे होतात.

पाटीपेन्सिल

घिसाडी, अर्धं ऐकते. 'काय करणार नाही' सगळ्यात वर टाकलं. उदाहरणं आठच ठेवली, आठही चाचणीत चालतात. आवृत्ती ०.१, म्हणजे काहीही बदलू शकतं हे ठणकावून सांगितलंय. काका, तक्ता पूर्ण टाकलाय, सवडीने बघा.

रोखपाल (निवृत्त)

बघितला. ७९ समोर 'एकोणऐशी' आहे, अनुस्वार राहिला. ८० ते ८८ बरोबर आहेत.

पाटीपेन्सिल

रीडमीत दुरुस्त केलं. आभारी आहे, काका.

घिसाडी

आणि कोडमध्ये?

पाटीपेन्सिल

थांबा, जाते.