‘मला काही नको’ म्हणणाऱ्या सासऱ्यांना दिवाळीला काय द्यायचं?

शर्ट दिला की कपाटात जातो, विचारलं तर ‘मला काही नको’, असं तुम्ही सासऱ्यांबद्दल लिहून दिवाळीला काय द्यायचं विचारलंय ते वाचलं, आमच्याकडेही सेम नमुना आहे. अहो, ही माणसं आपल्याला नको म्हणत नसतात, घरात अजून एक वस्तू नको म्हणत असतात, वन बीएचकेत शोपीस ठेवणार कुठे? त्यामुळे वाचून-बघून-खाऊन संपणारं काहीतरी बघा.

वाचत असतील तर दिवाळी अंक, १९०९ पासून चालत आलेली परंपरा आहे आपली, पण स्वतःच्या मनाने गठ्ठा उचलून आणू नका, त्यांनाच मुंबईत दादरला आयडियल या पुस्तकांच्या दुकानात घेऊन जा, निवांत चाळू देत, निवडतील ते घ्या आणि मग कुठेतरी मिसळ नाहीतर पियूष, खरी मजा त्या चकरेतच असते (शनिवार-रविवार टाळा, दिवाळीआधी तिथे पाय ठेवायला जागा नसते). नाटकाची आवड असेल तर दादरचं शिवाजी मंदिर किंवा माटुंग्याचं यशवंत, यापैकी एखाद्या नाट्यगृहाची दोन तिकिटं, शक्यतो दुपारचा प्रयोग आणि कडेच्या खुर्च्या, गुडघेवाल्यांना उठायला बरं पडतं.

बंद पडलेलं आवडतं घड्याळ असेल तर दुरुस्त करून नवा पट्टा लावून द्या, फक्त सरप्राइजच्या नादात गुपचूप नेऊ नका, घरभर शोधाशोध होईल आणि संशय कामवाल्या बाईवर जाईल. गिफ्ट कार्ड मला तरी कोरडं वाटतं.

आणि सासूबाईंना वेगळं काहीतरी घ्या हं, ‘दोघांना मिळून मिक्सर’ असलं प्लीज नको.